वेळेच्या खूप आधी जन्मलेलं बाळ: दवाखान्यातून घरी आल्यापासून शाळेपर्यंत

बत्तीस आठवडेही पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ महिना-दोन महिने एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काढून घरी येतं, तेव्हा खानापूर असो की निपाणी, घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." दुसरं, "आता पुढचं देवाच्या हातात." पहिलं साफ चुकीचं आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. दुसऱ्या वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला, कारण घरच्यांच्या हातात पुष्कळ काही असतं आणि ते त्यांना कुणी नीट सांगत नाही.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या जवळजवळ सातशे मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. जन्मावेळी त्रास झालेली बरीच मुलं, घर सांभाळून घेणारं होतं तिथे, हळूहळू इतरांच्या बरोबरीला आली. जन्माचा त्रास आणि घरची ओढाताण दोन्ही एकत्र आली तिथे मुलं मागे पडली. परिस्थितीशी झगडून वर आलेल्या मुलांच्या आयुष्यात आई, आजी, मावशी असं निदान एक माणूस कायम टिकून होतं. तेव्हा आजच्यासारखे एनआयसीयू नव्हते, आणि मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. पण घराचं वजन किती, ते त्यातून कळतं.

धोका लपवायचा नाही. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या शंभर मुलांत साधारण पाच ते दहा जणांना सेरेब्रल पाल्सी होते, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. आणखी काहींना पुढे लक्ष लागणं, गणित, हस्ताक्षर यांत अडचण येते. मोठं अपंगत्व मात्र बहुतेकांना येत नाही. काय लवकर पकडलं आणि रोज काय केलं, यावर त्यातलं बरंच अवलंबून असतं.

पहिली पायरी: डिस्चार्जचे कागद

आपल्या बेळगाव सीमाभागात ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. बाळ बेळगावच्या दवाखान्यात जन्मतं, बाळंतीण माहेरी चंदगडला जाते, सासर चिकोडीला, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं म्हणून दाखवायला मिरजेला नेतात. तीन ठिकाणी तीन फायली, आणि बाळाची पूर्ण गोष्ट एकीतही नाही. कर्नाटकातलं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये भरलेलं असलं तर सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या आशाताईला वाचता येत नाही.

म्हणून घरी निघण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत सारांश मागून घ्या. त्यात जन्माचे आठवडे, वजन आणि डोक्याचा घेर, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर किती दिवस, कावीळ किती चढली होती, टाळूवरून केलेली मेंदूची सोनोग्राफी कधी झाली आणि तिच्यात काय दिसलं, डोळे आणि कान तपासले का, पुढची तारीख कोणती, कुठल्या लसी झाल्या, हे सगळं हवं. प्रत्येक पानाचा फोटो आई आणि बाबा दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कागद कसे होतात ते तिथल्यांना सांगायला नको.

बाळंतीण जिथे राहणार, त्या गावच्या आशाताईला पहिल्याच दिवशी कळवा. नवजात बाळाच्या घरी येऊन वजन, ताप, दूध पाहणं हे त्यांच्या कामातच आहे आणि कमी वजनाच्या बाळांकडे जास्त लक्ष द्यायचं असतं. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि तपासण्या मोफत आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. वाढीत अडचण दिसली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर तपासणी-उपचार केंद्र असतं. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

दुसरी पायरी: वयाचा हिशोब

समजा बाळाची तारीख २० डिसेंबरची होती आणि ते २७ सप्टेंबरला जन्मलं. म्हणजे बारा आठवडे आधी, अठ्ठावीस आठवडे पुरे झाल्यावर. २७ मार्चला ते जन्मापासून सहा महिन्यांचं होईल, पण वाढीच्या हिशोबाने सव्वातीन महिन्यांचंच. हे दुरुस्त वय. मान धरणं, बसणं, बोलणं, उंची, वजन सगळं या वयाने पाहायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत. कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहून ठेवा, म्हणजे शेजारच्या बाळाशी तुलना करून झोप उडणार नाही.

लसींचा हिशोब मात्र जन्मतारखेनेच. दीड महिन्याची लस दीड महिन्यालाच, पूर्ण डोस. "अजून बारीक आहे, नंतर देऊ" असं म्हणून पुढे ढकलू नका, या बाळांना डांग्या खोकला आणि न्यूमोनिया जास्त जड जातो. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस बाळाला, आणि त्याआधी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी.

तिसरी पायरी: छातीशी धरणं

कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. पुढे बोगोटातच या पद्धतीचा अभ्यास झाला, आणि त्यातल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं. अशी वाढलेली मुलं शाळेत कमी गैरहजर राहिली, कमी चंचल निघाली, आणि त्यांचे आईबाप जास्त जपणारे होते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासून लगेच छातीशी धरलं तर मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. इतक्या स्वस्तात इतका फायदा देणारा दुसरा उपचार मला माहीत नाही.

करायचं असं. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईने समोरून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालून मागे टेकून बसायचं, पाठीमागे दोन लोड. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, बेडकासारखे पाय दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. हनुवटी छातीवर टेकू द्यायची नाही. वरून मऊ सुती लुगड्याचा पट्टा बाळाच्या कानापर्यंत गुंडाळून घट्ट गाठ मारायची, आणि त्यावर शाल. एका वेळी निदान तासभर, दिवसातून जितका जास्त वेळ जमेल तितका, आठ तासांच्या वर गेलं तर उत्तम. बाळ मोठं होऊन स्वतःच हातपाय झाडून बाहेर यायला लागेपर्यंत चालू ठेवा.

आईवर एकटीवर हे ओझं टाकू नका. वडगावात मागावर काम करणारे एक बाबा रात्रीचं जेवण झालं की शर्ट काढून खुर्चीत बसायचे, आजी बाळाला त्यांच्या छातीवर ठेवून ओढणी बांधून द्यायची, आणि आई आत तीन तास झोपायची. माग त्या वेळी बंद. तिसऱ्या आठवड्यात बाळ बाबांचा आवाज आला की डोळे उघडून वर पाहायला लागलं. बाप, आजी, आत्या, कुणीही निरोगी माणूस हे करू शकतं.

छातीशी नसेल तेव्हा बाळाला पाठीवरच झोपवा. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी नको, तोंडावर पांघरूण नको. झोळीत पडल्या पडल्या बाळाची हनुवटी छातीला लागते, म्हणून लहान असताना झोळी टाळा. पोट आणि तळपाय दोन्ही गरम लागले म्हणजे ऊब पुरेशी आहे. पोट गरम पण पाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या.

दूध, वजन आणि थेंब

आईचं दूध हेच औषध. ओढायची ताकद येईपर्यंत काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, बाटली नको. बोंडलं रोज उकळायचं, नळीच्या टोकाशी दुधाचा चिकटा राहतो तिथे खास लक्ष द्यायचं. काढलेलं दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास ठेवता येतं. दोन किलोच्या पुढच्या बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय वजन करा.

लोह आईच्या पोटातच शेवटच्या तीन महिन्यांत साठतं, आणि या बाळांना तो काळच मिळालेला नसतो. म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या वयापासून वजनाच्या किलोमागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम लोह लागतं, शिवाय व्हिटॅमिन डी. नेमका डोस डॉक्टर सांगतील. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरी बाटली दिली तर घेऊन येऊ नका, डॉक्टरांना फोन करा. पाजायच्या सिरिंजवर डोसाच्या रेषेशी चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे आजीनेही दिलं तरी चूक होणार नाही.

वरचं अन्न दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांना. भारतातल्या तीन सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर झालेल्या अभ्यासात चौथ्या महिन्यापासून अन्न दिलेल्या बाळांचं वजन काही जास्त वाढलं नाही, दवाखान्यात भरती व्हायची वेळ मात्र जास्त वेळा आली. सुरुवात केली की डाळीच्या पाण्यावर आणि पातळ पेजेवर थांबू नका, त्याने पोट भरतं पण वजन वाढत नाही. मऊ वरण-भात तूप घालून, नाचणीचं सत्व दुधात घट्ट शिजवून, पुढे अंड्याचा बलक. मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, चाटवायलासुद्धा.

डोळे आणि कान: इथे तारीख चुकली तर परत येत नाही

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण व्हायला जवळजवळ नऊ महिने लागतात. आधी जन्मलेल्या बाळात त्या जन्मानंतर वाढतात आणि काही वेळा वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, बाळ रडतही नाही, आणि आतून नजर जात असते. म्हणून "डोळे छान चमकतात की" हा पुरावा धरू नका.

भारतातला नियम असा: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आत किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ही तपासणी एकदा करून संपत नाही. रक्तवाहिन्या पूर्ण झाल्या असं डोळ्यांचे डॉक्टर लिहून देईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जायचं असतं. उपचार लागला तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हायला हवं, म्हणून लोंढ्याहून बेळगावला जायला पैसे नाहीत, शेतीचं काम आहे, अशा कारणाने एकही फेरी चुकवू नका. कर्नाटकात २००८ पासून किड्रॉप हा कार्यक्रम छोट्या शहरांतल्या एनआयसीयूंमध्ये कॅमेऱ्याने बाळांच्या डोळ्यांचे फोटो काढून तज्ज्ञांना पाठवतो. तुमच्या दवाखान्यात अशी सोय आहे का, हे डिस्चार्जच्या आधी विचारा. आरओपी झाला नाही तरी वर्षाच्या वयाला चष्मा आणि तिरळेपणासाठी पुन्हा तपासणी करा.

कानांसाठी टाळी वाजवून पाहणं पुरेसं नाही. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला बेरा तपासणी लागते (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते ती यंत्राने पाहते), कारण काही अँटिबायोटिक्स आणि जास्त चढलेली कावीळ कानाच्या आतल्या भागाला किंवा नसेला इजा करू शकतात. पहिली तपासणी एका महिन्यात, दोष आहे का ते तीन महिन्यांत नक्की, आणि उपचार सहा महिन्यांत सुरू. उशीर झाला की बोलणंही मागे पडतं.

घरातली हवा आणि जुन्या सवयी

या बाळांची फुप्फुसं दोन वर्षांपर्यंत नाजूकच असतात. निपाणीकडे घराघरात बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. तंबाखूची धूळ पदरावर, केसांत, बोटांत बसते, आणि त्याच पदराखाली बाळ दूध पितं. काम सोडा म्हणणं सोपं आहे, पोट त्यावर चालतं. पण बिड्या वळायची जागा वेगळ्या खोलीत किंवा ओसरीवर हलवा, बाळाला घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवा, साडी बदला, तंबाखूची पोती बाळाच्या खोलीत ठेवू नका. घरात कुणीही बिडी-सिगारेट ओढायची नाही, गच्चीवर ओढून लगेच बाळाला उचलायचंही नाही. यंत्रमाग असेल तर बाळाचं अंथरूण मागापासून सगळ्यात लांबच्या खोलीत.

अंघोळीनंतर ओव्याची किंवा उदाची धुरी देतात. प्रेमाने देतात, पण तो धूर या बाळांच्या छातीला घातक आहे, बंद करा. गुटी, काजळ, कानात-नाकात तेल, छाती दाबून "दूध काढणं", पाय धरून उलटं लटकवणं, हे सगळं बंद. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना हे पहिल्याच दिवशी आजीनेच सांगितलं तर त्या ऐकतात, सुनेने सांगितलं तर राग येतो. खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालिश चालेल आणि बाळाला आवडेलही. दोन-अडीच किलो होईपर्यंत ओल्या फडक्याने पुसून घेणं पुरे. बारसं घरच्या चार माणसांत करा. सर्दी झालेल्या माणसाने बाळाकडे जायचं नाही, मग तो मामा का असेना.

बाळ दूध सोडतं, मलूल पडतं, शांत असताना मिनिटाला साठाच्या वर श्वास घेतं, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळसर होतात, तळवे पिवळे दिसतात, अंग गार पडतं किंवा ताप येतो, झटका येतो: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन.

हालचाल, खेळ, बोलणं

दुरुस्त वयाच्या दोन महिन्यांच्या आसपास बाळ ओळखून हसतं, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं, आठव्या-नवव्यापर्यंत बसतं, बहुतेक बाळं बारा ते पंधरा महिन्यांत चालतात. दिवसातून चार-पाच वेळा जागं असताना पालथं घाला, समोर तुमचा चेहरा. वॉकर आणू नका, त्याने चालणं लवकर येत नाही, पडायची भीती वाढते.

लक्ष याकडे ठेवा: तीन-चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या, लंगोट बदलताना मांड्या ताठ, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं, पाचव्या महिन्यात मान नाही, दहाव्यात "बाबा-दादा" असे आवाज नाहीत, अठराव्यात चालणं नाही. हे सगळं दुरुस्त वयाने. "वाट बघू, याचा काकाही उशिरा चालला" असं कुणी म्हटलं तरी थांबू नका. मेंदू पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वळतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फिजिओथेरपिस्टकडून किंवा बालविकास तज्ज्ञाकडून एकदा तपासून घेतलेलं बरं, काहीच दिसत नसलं तरी.

भाषेबद्दल आपल्याकडे एक काळजी नेहमीची. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी. "बाळ आधीच मागे आहे, एकच भाषा बोला" असा सल्ला मिळतो. अनेक भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. आईने तिला सहज येते त्या भाषेत, भांडी घासताना, भाकरी थापताना, सतत बोलावं, आणि बाळाने आवाज काढला की थांबून उत्तर द्यावं. मोडक्या इंग्रजीत "कम, सिट" म्हणण्यापेक्षा "ये माझ्या राजा, बस बघू इथं" यात शब्दही जास्त आणि जीवही.

आई

एनआयसीयूच्या दारात काढलेले दिवस आईच्या अंगात राहतात. रात्री बाळाचा श्वास मोजत बसणं, बाळ जवळ घ्यायची भीती, "माझ्याच चुकीने झालं" हे मनातून न जाणं, दोन आठवड्यांच्या वर रडू येत राहणं, हा आजार आहे, नाटक नाही. सासूने, नवऱ्याने तिला झोप मिळवून द्यावी आणि डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं. आईला स्वतःला मारून टाकावंसं किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना.

पुढचं मूल दोन वर्षांच्या आधी नको. आणि दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत आधीच्या अकाली बाळंतपणाची गोष्ट सांगा. कमी डोसच्या ॲस्पिरिनने पहिलटकरणींमध्ये अकाली बाळंतपण काहीसं कमी होतं, हे दाखवणाऱ्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजचाही सहभाग होता. तुम्हाला ते लागू आहे का, हे डॉक्टरच ठरवतील.

दोन वर्षांनंतर

इथून पुढे जास्त नुकसान काळजीनेच होतं असं मला वाटतं. मूल धावायला लागलं की "पडशील", मातीत बसलं की "आजारी पडशील", आणि पाहुण्यांसमोर "हा सातव्यातला, लई नाजूक." मूल ते ऐकतं आणि तसंच वागायला लागतं. फुप्फुसं बरी झाली असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याला अंगणात पडू द्या, स्वतःच्या हाताने सांडत जेवू द्या, चप्पल घालायला पाच मिनिटं लागली तरी घालू द्या. जमलं नाही तर पुन्हा करून बघायचं, हे त्याला असंच कळतं. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप आणि रागावर मार नाही, एवढं घरात टिकलं तर खूप झालं.

शाळेच्या प्रवेशाला जन्मतारीख मोजतात. आपलं मूल वर्गातलं सगळ्यात लहान ठरत असेल तर एक वर्ष अंगणवाडीत जास्त ठेवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोला. घरात मराठी असेल तर सुरुवात मराठीतून करावी असं माझं मत आहे. मुलाला आधीच लक्ष एकवटायला जड जात असेल तर न कळणाऱ्या भाषेचं ओझं त्यावर नको. बाईंना आधीच सांगा: पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, लिहायला थोडा जास्त वेळ द्या. पहिली-दुसरीत बेरजा जमेनात तर शिकवणी लावण्याआधी डोळे आणि कान पुन्हा तपासा. ते ठीक असतील तर घरी रोज दहा मिनिटं, वहीशिवाय, चिंचोके घेऊन बसा: पाचांतून दोन बाजूला केले, उरले किती ते त्यालाच मोजू द्या, आणि बोट लावून मोजलं तरी चालेल.